उरलेल्या जागेतले गाणे

गेल्या वर्षी दिवाळीच्या आवराआवरीत माळ्यावरून बिस्किटांचा एक जुना पत्र्याचा डबा खाली आला. झाकण गंजून घट्ट बसले होते. चमच्याच्या टोकाने ते उचकटले, तेव्हा आत सतरा कॅसेटी निघाल्या. प्रत्येकीच्या कागदावर माझ्याच हस्ताक्षरात गाण्यांच्या याद्या होत्या. अक्षर तेव्हा सुवाच्य होते. पुढे तीस वर्षे औषधांच्या चिठ्ठ्या लिहून ते आजच्या स्थितीला आले आहे.

या सदरातून मी एरवी मधुमेह, रक्तदाब, गुडघेदुखी, झोप अशा विषयांवर लिहीत असते. आज कॅसेटींविषयी लिहिणार आहे. विषय आरोग्याच्या बाहेरचा वाटेल. परंतु आपल्या घरात विस्मरणाचा आजार जडलेली व्यक्ती असेल, तर हा लेख शेवटपर्यंत वाचावा, अशी विनंती आहे. त्या डब्यातल्या एका कॅसेटीने मला डॉक्टर म्हणून आणि मुलगी म्हणूनही काही शिकवले. ते शिकायला मला फार उशीर झाला, म्हणून ते आपल्याला वेळेवर सांगावेसे वाटते.

कॅसेट भरण्याचे दिवस

मी १९८५ मध्ये पुण्याच्या बी. जे. वैद्यकीय महाविद्यालयात दाखल झाले. फिलिप्स कंपनीने ही छोटी कॅसेट १९६३ मध्ये बाजारात आणली होती. आमच्या पिढीच्या तरुणपणापर्यंत ती महाराष्ट्रातल्या मध्यमवर्गीय घराघरांत पोहोचली होती. तयार कॅसेटी विकत मिळत, पण आपल्याला हवी तीच गाणी, हव्या त्याच क्रमाने एका कॅसेटीत हवी असतील, तर ती ‘भरून’ घ्यावी लागत. वसतिगृहातल्या आम्हा मुलींचा हा आवडता उद्योग होता.

भरण्याचे मार्ग तीन. पहिला रेडिओचा. टू-इन-वनमध्ये कोरी कॅसेट घालून, लाल बटणावर बोट ठेवून ताटकळत बसायचे आणि हवे ते गाणे लागताच दोन बटणे एकदम दाबायची. निवेदकाचे शेवटचे दोन शब्द आत शिरायचेच. दुसरा मार्ग दुकानाचा. फुलस्केप कागदावर गाण्यांची यादी लिहून द्यायची. दुकानदार आपल्या जाडजूड वहीतून गाणी शोधून चार-आठ दिवसांत कॅसेट भरून देत असे. कायद्याच्या दृष्टीने हा व्यवसाय कितपत निर्दोष होता, हा विचार त्या वेळी आमच्या मनाला शिवलाही नाही. तिसरा मार्ग म्हणजे दोन कॅसेटींचा टेप बाळगणारी एखादी सुखवस्तू मैत्रीण. आमच्या मजल्यावर अशी एक होती आणि तिच्या खोलीबाहेर बाह्यरुग्ण विभागासारखी रांग असे.

फीत गुंतली की चक्राच्या दात्यांत पेन्सिल घालून ती हळूहळू गुंडाळायची. भरलेली कॅसेट कोणी चुकून पुसू नये म्हणून तिच्या पाठीवरचा प्लॅस्टिकचा छोटा तुकडा मोडून टाकायचा. पुन्हा भरायची झाली, तर त्या भोकावर चिकटपट्टी लावायची. टेपचे हेड मळले की आवाज घोगरा होई. आम्हा वैद्यकीच्या विद्यार्थिनींपाशी कापूस आणि स्पिरिट असायचेच, त्यामुळे या शस्त्रक्रियेसाठी इतर महाविद्यालयांतल्या मैत्रिणीही आमच्याकडे येत.

खरी कसोटी असे ती हिशोबाची. साठ मिनिटांच्या कॅसेटीला एका बाजूस तीस मिनिटे. फीत सेकंदाला पावणेपाच सेंटिमीटरच्या आसपास सरकते. म्हणजे अर्ध्या तासाची ही वाट सुमारे ८६ मीटरची. गाणे सव्वातीन-साडेतीन मिनिटांचे धरले, तर आठ गाणी, फार तर नऊ. नव्वद मिनिटांच्या कॅसेटीत अधिक मावत, पण तिची फीत पातळ असल्याने गुंतण्याचे भय अधिक. जागा अशी मोजकी असल्यामुळे निवड करणे भाग पडे. मैत्रिणीच्या वाढदिवसाला कॅसेट द्यायची, तर तिला काय आवडते, कोणत्या गाण्याने तिला घराची आठवण येते, कोणते गाणे तिच्यासमोर लावू नये, याचा विचार करावा लागे. आठ गाण्यांची यादी करण्यात कधी कधी आठवडा जाई. एका माणसाचा इतका वेळ मनात विचार करण्याचे प्रसंग त्या वयात दुसरे कोणते होते, हे मला आज आठवत नाही.

एवढे करूनही बाजूच्या शेवटी दीड-दोन मिनिटांची फीत उरायची. ती कोरी सोडायला जीव होत नसे. मग त्यात एखादे गाणे बसेल तेवढे बसवायचे. गाणे अर्ध्यावर असतानाच फीत संपे, ‘खट्’ असा आवाज होई आणि बटण वर येई.

आईची फर्माईश

१९८८ च्या दिवाळीच्या सुट्टीत मी साताऱ्याला घरी गेले होते. स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी बसून मी नव्या कॅसेटीची यादी करत होते. राहुल देव बर्मन, जगजीत सिंग, हृदयनाथ मंगेशकर अशी माझी त्या वर्षीची दैवते होती. आई आत अनारसे तळत होती. झाऱ्यावरचा अनारसा निथळू देत, माझ्याकडे न पाहता ती म्हणाली, “जागा उरली, तर तलतचं एखादं टाकशील?”

“तलत महमूद? तू कधी ऐकलास गं?” मी हसून विचारले.

“ऐकलाय,” एवढेच ती म्हणाली. कोणते गाणे, असे विचारताच तिने क्षणाचाही विचार न करता त्याचे नाव सांगितले.

मला नवल वाटले, कारण आमच्या घरात चित्रपटगीतांना स्थान नव्हते. वडिलांना त्यांचे वावडे होते. रेडिओवर बातम्या आणि नाट्यसंगीत एवढेच लागायचे, आणि आईच्या तोंडी आम्ही आरत्यांखेरीज काही ऐकले नव्हते.

पुण्याला परतल्यावर मी कॅसेट भरली. पहिल्या बाजूला माझी आठ गाणी, दुसऱ्या बाजूला माझी आठ गाणी, आणि शेवटी उरलेल्या जागेत आईचे गाणे. ते बसले नाही. दुसऱ्या अंतऱ्याच्या मध्येच फीत संपली. पुढच्या सुट्टीत कॅसेट घरी नेली, तेव्हा मी तिला म्हणाले, “पुढच्या वेळी पूर्ण भरून आणीन.” ती म्हणाली, “असू दे गं, पुष्कळ झालं.”

पुढची वेळ आली नाही. कॅसेट मात्र घरीच राहिली आणि पुढची सहा-सात वर्षे स्वयंपाकघराच्या खिडकीत, टू-इन-वनच्या शेजारी असायची. वडील कचेरीत गेले की दुपारी ती लागत असे, हे मला नंतर धाकट्या भावाकडून कळले. मग सीडी आल्या, टेप बिघडला आणि कॅसेट डब्यात गेली.

भजनांची चूक

आईचा जन्म १९४१ चा. २०१८ पासून तिचे विसरणे आमच्या लक्षात येऊ लागले. चष्मा, चाव्या इथपासून सुरुवात झाली आणि पुढे ओळखीचा रस्ता, नातवाचे नाव इथपर्यंत गोष्टी पोहोचल्या. २०२० मध्ये अल्झायमर्सचे निदान झाले. वडील त्याआधीच गेले होते. आईला मी माझ्याकडे आणले.

संध्याकाळ सर्वांत कठीण असे. उन्हे कलली की ती अस्वस्थ होऊन येरझारा घालू लागे. “मला घरी जायचंय,” असे सारखे म्हणे. ज्यांच्या घरी असा रुग्ण आहे, त्यांना हे वाक्य ओळखीचे असेल. तिला सांभाळायला येणाऱ्या बाईंच्या वहीत रोज एकच नोंद असायची : ‘पाच ते सात चिडचिड.’

आम्ही काय केले? जे बहुतेक मराठी घरांत करतात, तेच. एक छोटा स्पीकर आणला आणि सकाळ-संध्याकाळ अभंग, हरिपाठ, भजने लावून ठेवली. वय झाले की देवाचे ऐकावे, त्याने मन शांत होते, अशी आपली समजूत असते. आई शांत झाली नाही. ती स्पीकरवर उशी दाबून ठेवायची, एकदा तर तिने तो पदराखाली झाकून मोरीत नेऊन ठेवला. आम्ही आवाज कमी केला, गायक बदलले, पण मूळ समजूत बदलली नाही. पुष्कळ दिवसांनी माझ्या ध्यानात आले की, वडील गेले तेव्हा तेरा दिवस घरात हेच अभंग सुरू होते. आईच्या मनात त्यांचा संबंध कशाशी जुळला असेल, हे आता तिला विचारून कळण्यासारखे नव्हते. दिवसभरात माझ्या दवाखान्यात येणाऱ्या प्रत्येक वृद्धाला मी ‘तुम्हाला काय होतंय?’ असे विचारते. माझ्या घरातल्या वृद्धेला मात्र ‘तुला काय आवडतं?’ हे मी विचारले नव्हते. आणि जेव्हा विचारावेसे वाटले, तेव्हा उत्तर देण्याची तिची शक्ती ओसरली होती.

अशा वेळी माळ्यावरचा तो डबा खाली आला.

कॅसेट लावण्यासाठी यंत्र नव्हते. शेजाऱ्यांकडचा जुना टेप आणला, तर त्याचा रबरी पट्टा विरघळून चिकट झालेला. शहरात एक दुरुस्ती करणारे गृहस्थ अजून आहेत, त्यांनी नवा पट्टा बसवला. हेड मी स्वतः स्पिरिटच्या बोळ्याने पुसले. सदतीस वर्षांपूर्वीचे ते कौशल्य हातात शिल्लक होते.

संध्याकाळी पाचच्या सुमारास १९८८ ची ती कॅसेट लावली. आई येरझारा घालत होती. पहिल्या गाण्याला ती थांबली. दुसऱ्याला खुर्चीत बसली. तिसऱ्या गाण्याच्या वेळी तिचे पाऊल ठेक्यावर हलू लागले. चौथे गाणे संपले आणि पाचवे सुरू होण्याआधी जी दोन-तीन सेकंदांची खरखर असते, तिच्यातच आईने पाचव्या गाण्याचा पहिला शब्द उच्चारला. ही सारी माझ्या आवडीची गाणी होती, पण स्वयंपाक करता करता वर्षानुवर्षे ऐकून त्यांचा क्रमसुद्धा तिच्यात मुरला होता. त्या दिवशी सकाळी तिला माझे नाव आठवले नव्हते.

दुसऱ्या बाजूचे शेवटचे गाणे लागले. आई गाऊ लागली. आवाज कापरा होता, पण सूर बरोबर होता आणि शब्द एकही चुकला नाही. दुसऱ्या अंतऱ्याच्या मध्यावर फीत संपली, ‘खट्’ झाले. आईही तिथेच थांबली आणि बाईंना सहजपणे म्हणाली, “उलटी कर गं.”

मी रात्री सोलापूरला मावशीला फोन केला. मावशी आईहून सहा वर्षांनी धाकटी. ती म्हणाली, “अगं, ताईला तलतचं वेड होतं. आपल्याकडे रेडिओ नव्हता. बुधवारी रात्री आठ वाजता शेजारच्यांच्या ओट्यावर जाऊन बसायची. उशीर झाला म्हणून आईचा मारही खाल्लाय तिनं.” बुधवारी रात्री आठ म्हणजे रेडिओ सिलोनवरची बिनाका गीतमाला, अमीन सयानींचा तो कार्यक्रम १९५२ मध्ये सुरू झाला होता. माझी आई तेव्हा अकरा वर्षांची होती. सत्तावन्न वर्षे मी तिची मुलगी आहे आणि ही गोष्ट मला ठाऊक नव्हती.

दुसऱ्या दिवशी मी मोबाइलवर ते गाणे पूर्ण लावले. आई गायली, आणि नेमक्या त्याच जागी थांबली. गाणे पुढे चालू राहिले. ती परक्यासारखी ऐकत राहिली. कुमारवयात तिने ते कितीदा तरी पूर्ण ऐकले असेल, परंतु नंतरच्या वर्षांत मी दिलेल्या अर्धवट गाण्याचीच इतकी उजळणी झाली होती की, तिच्यापुरते ते गाणे तेवढेच उरले होते. त्या रात्री मला बराच वेळ झोप आली नाही.

मेंदूत गाणे कोठे राहते?

ही कथा चमत्कार म्हणून वाचू नये. आईचा आजार हटला नाही. दुसऱ्या दिवशी तिला कॅसेट ऐकल्याचे स्मरणही नव्हते. परंतु पाच ते सातमधली येरझार पुष्कळ कमी झाली, रात्रीचे जेवण तुलनेने सुरळीत होऊ लागले आणि तिच्याकडे पाहणाऱ्या आम्हा सर्वांचा जीव थोडा थाऱ्यावर आला. रुग्णाला सांभाळणाऱ्यांचे स्वास्थ्य हाही उपचाराचाच भाग आहे.

असे का घडते? आयुष्यातल्या आठवणींचा आढावा घेतला, तर साधारण दहा ते तीस या वयातल्या आठवणी सर्वांत दाट असतात, असे मानसशास्त्रज्ञांना पुन्हा पुन्हा आढळले आहे. त्या वयात ऐकलेली गाणी म्हणूनच खोलवर रुजतात. दुसरे असे की, स्मृती ही मेंदूत एकाच कपाटात ठेवलेली वस्तू नाही. काल कोण आले होते, ही आठवण एका प्रकारची. सायकल चालवणे, विणकाम, तोंडपाठ स्तोत्र यांची स्मृती वेगळ्या प्रकारची. अल्झायमर्समध्ये पहिल्या प्रकारची स्मृती आधी ढासळते. जर्मनीत लाइपझिग येथील माक्स प्लांक संस्थेतल्या संशोधकांनी २०१५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात असे दाखवले की, दीर्घ काळ परिचित असलेल्या संगीताशी निगडित मेंदूचे भाग या आजारात इतर भागांच्या तुलनेने कमी झिजतात. म्हणूनच नाव हरवलेल्या माणसाला गाणे सापडते.

संगीताच्या उपयोगावर अनेक देशांत अभ्यास झाले आहेत. त्यांचे सार सांगायचे तर, खिन्नता आणि वर्तनाच्या काही तक्रारी कमी होण्यास संगीताचा हातभार लागू शकतो. गेलेली स्मरणशक्ती मात्र त्याने परत येत नाही. चालू औषधे संगीताच्या भरवशावर बंद करू नयेत. आणखी एक गोष्ट निक्षून सांगते : रुग्ण दोन-चार दिवसांत अचानक अधिक गोंधळला, चिडू लागला किंवा सुस्त झाला, तर गाणी लावत बसू नये, डॉक्टरांना दाखवावे. लघवीतला जंतुसंसर्ग, लघवी तुंबणे, बद्धकोष्ठ, न सांगता येणारे दुखणे, रक्तातले सोडियम किंवा साखर कमी होणे, नवे औषध, अशी कारणे त्यामागे असू शकतात आणि त्यांतली पुष्कळशी उपचाराने बरी होतात.

यादी कशी करावी?

माझे म्हणणे एवढेच आहे की, आपल्या घरातल्या वृद्धासाठी एक कॅसेट भरावी. अर्थात आता फीत नको. मोबाइल, पेन ड्राइव्ह, काहीही चालेल. पण कॅसेटीचे नियम पाळावेत : एका माणसासाठी, विचार करून, मोजकी गाणी.

पहिले, वर्षांचा हिशोब करावा. जन्मवर्षात दहा आणि तीस मिळवावेत. १९४५ चा जन्म असेल, तर १९५५ ते १९७५ हा काळ येतो. त्यात रेडिओवर, चित्रपटात, मेळ्यात, तमाशाच्या फडात, भजनी मंडळात काय गाजत होते, ते शोधावे. पुणे आकाशवाणीवर १९५५-५६ मध्ये वर्षभर दर आठवड्याला ‘गीतरामायण’ लागत असे. त्या वयाच्या पुष्कळांना त्यातली गाणी पाठ असतात. विविध भारती १९५७ मध्ये सुरू झाली. माहेर कर्नाटकातले किंवा गोव्यातले असेल, तर कानडी, कोंकणी गाणी विसरू नयेत. लहानपणीची भाषा उशिरापर्यंत टिकते.

दुसरे, आडवळणाने विचारावे. ‘तुम्हाला कोणती गाणी आवडतात?’ या प्रश्नाला आपली वडीलधारी माणसे ‘आता कसली गाणी!’ असे उत्तर देतात. त्याऐवजी ‘लग्नाआधी रेडिओ कुणाकडे ऐकायचात?’, ‘घरी न सांगता कोणता सिनेमा पाहिलात?’, ‘कॉलेजच्या संमेलनात कोण गायचं?’ असे विचारावे. उत्तर देता येत नसेल, तर भावंडांना, जुन्या मित्र-मैत्रिणींना, शेजाऱ्यांना फोन करावा. माझ्या मावशीच्या पाच मिनिटांच्या बोलण्याने जे कळले, ते मला चार वर्षांत कळले नव्हते.

तिसरे, आधी कान तपासावेत. मळाने कान गच्च भरलेला असेल, श्रवणयंत्राची बॅटरी संपलेली असेल, तर उत्तम यादीही निरुपयोगी. कानात काडी किंवा तेल घालू नये, डॉक्टरांकडून मळ काढून घ्यावा.

चौथे, गाणी आठ-दहाच असावीत, सुमारे अर्ध्या तासाची. अस्वस्थतेची जी नेहमीची वेळ असेल, तिच्या अर्धा तास आधी ती लावावीत. अंघोळीच्या किंवा जेवणाच्या आधीही उपयोग होतो. त्या वेळी दूरदर्शन संच बंद ठेवावा. मध्येच जाहिराती येणार नाहीत, याची व्यवस्था करावी. गाण्यात अचानक घुसलेल्या मोठ्या आवाजाने हे रुग्ण दचकतात. दिवसभर गाणी लावून ठेवू नयेत. सतत चाललेल्या गाण्याचा गोंगाटच होतो.

पाचवे, परीक्षा घेऊ नये. ‘ओळख बरं, हे कुणाचं गाणं?’ असे विचारण्याचा मोह होतो. उत्तर आले नाही की त्यांना आपले उणेपण जाणवते. त्यांच्या शेजारी बसावे, जमल्यास सोबत गुणगुणावे, एवढे पुरे.

सहावे, चेहरा पाहत राहावे. डोळ्यांत पाणी आले म्हणजे गाणे बंदच करावे, असे नाही. पुष्कळदा ते सुखाचेही असते. पण श्वास भरभर चालू लागला, हात आवळले गेले, माणूस उठून जाऊ लागला, तर गाणे थांबवावे आणि यादीतून काढून टाकावे. प्रत्येक गाण्यासमोर अशी नोंद ठेवावी. ही यादी औषधांच्या फाइलीतच लावावी, म्हणजे रुग्णालयात दाखल करण्याची वेळ आली किंवा सांभाळणारी व्यक्ती बदलली, तरी ती सोबत राहील.

आणि ज्यांची स्मृती आज शाबूत आहे, त्या वाचकांना माझे सांगणे आहे : आपली यादी आपणच करावी. मृत्युपत्र करतो, औषधांची यादी करतो, बँकेच्या खात्यांची नोंद करतो. त्याच वहीत एक पान गाण्यांचे असावे. मुलांना संकोच वाटेल म्हणून, किंवा ‘या वयात हे काय’ असे कोणी म्हणेल म्हणून, आपले आवडते गाणे लपवू नये. भजन आवडत असेल तर भजन लिहावे, लावणी आवडत असेल तर लावणी. मी माझी सोळा गाणी लिहून मुलाच्या हाती दिली आहेत. त्याने यादी वाचली आणि एका नावावर बोट ठेवून विचारले, “हे तू कधी ऐकलंस?” मग मी त्याला सांगत बसले. त्या दिवशी आमचे जेवण तासभर लांबले.

आईची यादी आता दहा गाण्यांची आहे. पाच त्या कॅसेटीतली, पाच मावशीने सांगितलेली. तलतचे गाणे शेवटी नाही, पहिले आहे आणि पूर्ण आहे. आई अजूनही दुसऱ्या अंतऱ्याच्या मध्यावर थांबते. तिथून पुढचे मी गाते. मला सूर फारसा नाही. अलीकडे एखाद्या संध्याकाळी ती माझ्याकडे वळून पाहते आणि पुढच्या ओळीसाठी थांबल्यासारखी दिसते. तिला ते आठवते आहे की ती केवळ माझी वाट पाहते आहे, हे डॉक्टर म्हणून मला सांगता येणार नाही.

आज संध्याकाळी दिवेलागणीच्या वेळी आपल्या घरातल्या वडीलधाऱ्यांजवळ बसा आणि विचारा, लग्नाआधी रेडिओ कुणाकडे ऐकायचात? उत्तर मिळेल तेवढे लिहून घ्या.